उपाशीपोटी किती

पहाटे सव्वापाचला मी जिना उतरते,
एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्यात बॅटरी.
साडेअकरा किलो. तिसरा मजला. लिफ्ट नाही.
पुतणीला सातवा लागलाय, ती म्हणते,
काकू, माझं ओझं दोन महिन्यांत उतरेल, तुझं?

पार्किंगमध्ये पॉइंट मागितला, तेव्हा खरवंडीकरांनी
सभा बोलावली. चहा झाला. ठराव झाला नाही.
म्हणून ती रात्री स्वयंपाकघरात निजते,
पिठाच्या डब्याशेजारी, मिक्सरच्या प्लगवर,
हिरवा डोळा मिचकावत.

गल्लीत आता आवाज होत नाही.
पूर्वी मी किक मारली की समोरच्या पिल्लेवारांचं बाळ उठायचं
आणि त्याची आई खिडकीतून माझ्याकडे बघायची,
रागाने नाही, नुसतं बघायची.
हल्ली ते साडेसहापर्यंत झोपतं.
हे कुठल्या रकान्यात मांडायचं, मला कळत नाही.

कारण बाकीचं मांडता येतं.
मी घरोघरी जाऊन रक्त घेते, रोज सतरा-अठरा घरं,
धनकवडी, बिबवेवाडी, मार्केट यार्ड, वर कोंढवा.
पेट्रोलला महिन्याचे साडेतीन हजार जायचे,
आता विजेच्या बिलात चारशे वाढलेत.
हप्ता एकोणतीसशे.
गाडी माझ्यासाठी पळते की मी गाडीसाठी,
ते छत्तीस महिन्यांनी कळेल.

शोरूमवाल्याने सांगितलं, एकशे दहा किलोमीटर.
माणसंही असंच सांगतात: साखर ना? नॉर्मल असते हो माझी.
मी विचारते, उपाशीपोटी किती, जेवल्यावर किती?
गाडीलाही तेव्हाच विचारायला हवं होतं.
सपाटीला किती, गंगाधामच्या चढाला किती,
मी एकटी असताना किती,
आणि मागे नणंद बसल्यावर.

वाल्हेकरांनी गॅरेजमध्ये सीट उचलून पाहिली.
हात पुसले, काळे झाले नव्हते तरी पुसले.
ताई, यात उघडण्यासारखं काही नाही, म्हणाले.
चौदा वर्षं त्यांनी माझी जुनी गाडी ऐकली होती,
लांबूनच सांगायचे, प्लग की कार्बोरेटर.
त्यांचा जावई म्हणतो, हायब्रिड घ्या, दोन्ही असतं त्यात.
दोन्ही म्हणजे दोन्हीकडची दुखणी, वाल्हेकर म्हणाले.
मग थांबून,
पण त्यातलं एक तरी मला कळेल.

मंगळवारी ह्यांनी सवयीने रात्री बटण बंद केलं.
चढावर चार टक्के उरले.
पेटीत सात नमुने, आठवे गृहस्थ उपाशी,
फोनवर फोन: चहा घेऊ का हो? बिनसाखरेचा?
गाडी चालत होती, मुंगी चालते तशी.
मागून पाण्याचे जार लादलेला एक मुलगा आला,
त्याची स्कूटर धूर ओकणारी, एका आरशाची.
पाय कुठे लावू, म्हणाला, हिला सायलेन्सरच नाही!
मग फूटरेस्टला रबरी चप्पल टेकवली.
ब्रेक मारू नका. फक्त हँडल सांभाळा.
असे आम्ही चढलो,
माझी बिनधुराची गाडी
त्याच्या धुरावर.

वर पोचल्यावर पैसे दिले, घेतले नाहीत.
विचारलं मात्र, परवडते का?
मी तोंड उघडलं. सगळा हिशेब पाठ आहे मला,
चारशे, एकोणतीसशे, साडेअकरा किलो, ते बाळ.
कुठून सुरू करावं ठरेपर्यंत
तो वळणापाशी पोचला होता, फटफटत.

आठव्या गृहस्थांनी दार उघडलं.
कधी आलात, म्हणाले, गाडी वाजली नाही.
मी दंडाला पट्टा बांधला.
मूठ घट्ट मिटा, म्हटलं.